धमकीच्या सुरातलं जर्मन

ऑक्टोबर आला की पनवेलमध्ये ऊन अंगावर धावून येतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या या दिवसांत माणसाचं डोकं सकाळी नवालाच तापलेलं असतं. पळस्प्याच्या फाट्यावर ट्रेलरवाले एकमेकांच्या अंगावर हॉर्न मारतात. पावसाळ्यातला चिखल वाळून त्याची धूळ होते आणि ती दाताखाली कचकचते. रिक्षाच्या रांगेत रोज एक तरी कॉलर धरली जाते. भाजीवालीला दोन शब्द जास्त बोललं तर ती चार जास्त बोलते. मी स्वतः या दिवसांत फार वाईट बाई असते. गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही परवा मी असं काही बोलले, की तो पाना विसरून गेला.

आणि नेमक्या याच दिवसांत माझ्या मुलींची परीक्षा असते.

मी जर्मन शिकवते. जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर माझी एक खोली आहे. खाली दिवसभर पातेली आणि टोप आपटत असतात, वर आम्ही क्रियापदं घोकत असतो. मुली बहुतेक नर्स. कोणी उरणहून येते, कोणी तळोज्याहून, कोणी रात्रपाळी करून थेट. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना नर्स हव्या आहेत, या मुलींना तिकडे जायचं आहे, आणि दोघांच्या मध्ये एक परीक्षा उभी आहे. ती पास झाली तर विमान, नाही तर परत तोच वॉर्ड आणि तेच घर.

काल नव्या वर्गाला जर-तरची वाक्यं शिकवायला घेतली. खिडकीतून झळ येत होती. पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं, मागे वळले, आणि सहज माझी नजर दाराजवळच्या बाकाकडे गेली. तिथे काल एक चष्मेवाली मुलगी बसली होती. पण मला तिथे हर्षदा दिसली. मान आत ओढून, डोळे मिटून बसलेली. काही वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर असा कधीही, न विचारता, वर्गात येऊन बसतो.

जर-तर शिकवायची माझी एक पद्धत आहे. नियम मी शेवटी सांगते. आधी सांगते, की तुमच्या घरी वारंवार ऐकलेलं एक जर-तरचं वाक्य आणा, आपण त्याचं जर्मन करू. वर्षानुवर्षं मी हे करते आणि वर्षानुवर्षं तेच घडतं. मुलींना वाटतं आपलंच वाक्य आगळंवेगळं. आणि मग एकेक उठते.

त्या ऑक्टोबरात सायली पहिली उठली होती. नवीन पनवेलची, आई-वडील दोघं नोकरीवाले, फ्लॅटमध्ये वाढलेली. ती म्हणाली, "मम्मीचं वाक्य आहे. कमी मार्क पडले तर घरात पाय ठेवू नकोस." वर्ग हसला. मग धबधबाच सुरू झाला. उलट बोललीस तर थोबाड फोडीन. परत उशीर झाला तर तंगडी मोडून हातात देईन. त्या मुलाशी बोलताना दिसलीस तर चामडी सोलीन. खोटं बोललीस तर जिभेवर डाग देईन. रुबीना आमच्यातली सगळ्यांत मोठी, सरकारी हॉस्पिटलच्या मानसिक रुग्णांच्या वॉर्डात अर्धं आयुष्य काढलेली, नवरा कुवेतला. ती म्हणाली, "मॅडम, आमचे अब्बा फक्त 'जर' म्हणायचे. पुढचं बोलायची गरजच पडायची नाही." आम्ही पोट धरून हसलो. थोबाड, तंगडी आणि चामडी यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते मी फळ्यावर लिहिलं आणि मुलींनी ते आनंदाने वहीत उतरवून घेतलं.

एवढ्या वर्षांत एकाही मुलीने अजून असं वाक्य आणलेलं नाही, की तू दमलीस तर मी चहा करीन.

यात हसण्यासारखं काय आहे, असं कोणी परका विचारील. पण घरातली धमकी कशी समजून घ्यायची याचं आपल्याकडे लहानपणीच शिक्षण होतं. माझी आई दिवसातून दहादा उलटं टांगायची भाषा करायची आणि आम्ही तिच्या पदराला लोंबकळायचो. वडील वर्षातून एकदा बोलायचे. शांतपणे. "आवाज आला, तर बघ." आणि आवाज आला की पट्टा निघायचा. दोघांची वाक्यं एकाच साच्यातली. फरक कळायचा तो बोलणाऱ्याच्या हाताकडे बघून. माझ्या पाठीवर बकलाची एक खूण अजून आहे. उन्हाळ्यात ती खाजते, आणि मला वडिलांचा राग येतो. मेलेल्या माणसाचाही येतो. खोटं कशाला बोलू?

मला जर्मन आवडलं ते याच कारणाने. तरुणपणी शिकले, आणि पुढे एका कारखान्यात परदेशी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम केलं. रटाळ काम. पण त्या पुस्तिकांतली जर-तरची वाक्यं मला फार गोड वाटायची. लाल दिवा लागला तर यंत्र बंद करा. झाकण उघडं असलं तर यंत्र सुरू होणार नाही. आणि खरंच व्हायचं नाही. मी जाऊन बघितलंय. झाकण उघडं ठेवून बटण दाबलं, यंत्र ढिम्म. ते यंत्र माझ्या अंगावर आलं नाही, ओरडलं नाही, नंतर जेवताना टोमणा मारला नाही. जेवढं म्हटलं होतं तेवढंच झालं. अशी वाक्यं बोलणाऱ्या घरात जन्माला यायला हवं होतं, असं तेव्हा मला वाटायचं.

तर त्या दिवशी धमक्या संपल्या आणि मी मुलींना नर्सच्या कामाचं वाक्य दिलं. हे वाक्य त्यांना जन्मभर पुरणार असतं. "वेन झी श्मेर्त्सन हाबेन, क्लिंगेल्न झी." तुम्हाला दुखलं, तर बेल वाजवा. मी दोन बाकं जोडून त्यांवर पेशंट होऊन आडवी झाले. माझ्याकडे एका जर्मन नर्सच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे, ते स्पीकरवर लावलं. मऊ, जरा झोपाळू आवाज. पहिला तुकडा, मग स्वल्पविरामाशी एक छोटा श्वास, मग दुसरा तुकडा.

सायली माझ्या उशाशी आली. पहिला तुकडा ठीक बोलली. मग तिने तो छोटा श्वास घेतला, भुवया वर गेल्या, तर्जनी उठली, आणि दुसरा तुकडा माझ्या तोंडावर येऊन आदळला. दुखलं ना, तर बेल वाजवून बघ फक्त! मी ताडकन उठून बसले. "अगं, आतडं कापलेला म्हातारा आहे तो. त्याला दम काय देतेस?" पुढची आली, तिनेही तेच केलं. तिच्या पुढचीनेही. एकूण एक मुलगी स्वल्पविरामापर्यंत नर्स असायची आणि पुढे घरातलं कोणीतरी व्हायची. उच्चार चोख. पण जर-तरची चाल म्हणून त्यांच्या कानात एकच बसलेली होती. मी ओरडले, वैतागले, पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. "हा दिलासा आहे, गधड्यांनो! दिलासा!" असं मी किंचाळले, आणि माझ्याच आवाजाने खालच्या दुकानातला नोकर काय झालं ते बघायला वर आला.

मग हर्षदाची पाळी आली. करंजाची, कोळ्यांच्या घरातली. लग्न करून जासईला दिलेली. तिच्या पिशवीला सुक्या मासळीचा वास यायचा आणि नाक मुरडणाऱ्या मुलींना ती शांतपणे म्हणायची, "बोंबील हाय. पायजे?" हर्षदाने दम दिला नाही. तिने पहिला तुकडा म्हटला, आणि स्वल्पविराम आला तशी तिची स्वतःचीच मान खांद्यांत गेली. डोळे घट्ट मिटले. डावा हात कानाशी आला. दुसरा तुकडा ती कोणाला ऐकू येईल असं बोललीच नाही. मी म्हटलं, "पुन्हा." पुन्हा तेच. रेकॉर्डिंग लावलं, तर नुसतं ऐकतानाही तेच. तो गरीब जर्मन आवाज श्वास घ्यायला थांबला, की हिची मान आत. जर-तरचं वाक्य बाकीच्या मुली कानाने समजून घेत होत्या आणि ही मानेने घेत होती.

त्याच आठवड्यात मी एक सराव चाचणी घेतली. साधा प्रश्न होता. सूचना अशी की उद्या पाऊस पडला तर सहल रद्द. मग विचारलंय, पाऊस पडला नाही, म्हणजे सहल नक्की जाणार. हे बरोबर, चूक, की सूचनेत सांगितलेलंच नाही? जवळजवळ सगळ्या वर्गाने 'बरोबर' अशी खूण केली. माणसाचं मनच तसं आहे. एक वाट बंद होणार असं ऐकलं, की दुसरी उघडी असणार असं आपण आपल्या पदरचं धरून चालतो. जर्मन मुलंसुद्धा इथे चुकतात. फक्त हर्षदाने 'सांगितलेलं नाही' या रकान्यात खूण केली होती.

मी खूश झाले. "शाब्बास! सांग बघू सगळ्यांना, कसं ओळखलंस?"

ती उभी राहिली. "पाऊस पडला तर नेनार नाय, एवडाच बोललेत ना, बाई. नाय पडला तर नेतील असा कुटं बोललेत?" मग म्हणाली, "आपनच समजतो."

वर्ग सुटल्यावर रुबीना मागे राहिली. जिन्यात चप्पल शोधणाऱ्या हर्षदाचा डावा हात तिने धरला आणि उजेडाकडे वळवला. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं जुळलेलं होतं. मला ते आधी दिसलं होतं, तेव्हा दारात बोटं सापडली असं ती म्हणाली होती आणि माझ्यासारख्या पुस्तकी बाईने ते मान्य केलं होतं. रुबीना नर्स आहे. "दारात सापडली की चेचतात," ती म्हणाली. "ही कोणीतरी उलटी वाकवलीत. बोल."

ती जिन्यातच बसली आणि बोलली. नवरा जासईच्या यार्डात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तेवढा मान त्याला द्यायची माझी इच्छा नाही. पावसाच्या तोंडाशी हर्षदाची पहिली परीक्षा ठरली होती. तेव्हा तो म्हणाला होता, परीक्षेला गेलीस तर बोटं मोडीन. ती नर्स. बोटांवर तिचं पोट. ती गेली नाही. पुस्तकं माळ्यावर टाकली, घरी लग्न असल्याचा निरोप मला पाठवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? नाय गेले, तरी मोडलीन." ती आपल्या बोटांकडे दुसऱ्या कोणाची असल्यासारखं बघत होती. "कालवनात मीठ जास्त पडलेला. बोललाच नवता ना तो, का नाय गेलीस तर नाय मोडनार. मीच समजलेले."

खाली कोणीतरी पितळी घागर पाडली. ती गडगडत रस्त्यापर्यंत गेली. माझ्या तोंडात धूळ आली होती. मला त्या माणसाला मारावंसं वाटलं. शिक्षा व्हावी वगैरे सुसंस्कृत काही नाही. हाताने, दगडाने, मिळेल त्याने मारावंसं वाटलं.

माहेरी ती जाऊ शकत नव्हती. हिला ठेवून घेतलीत तर होडी जाळीन, असं त्याने करंजाच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असताना चारचौघांत सासऱ्याला सांगितलं होतं. होडीवर तिच्या दोन भावांची कुटुंबं जगत होती. आईने तिला परत पाठवलं, आणि पाठवताना स्वतःच्या कपाळावर थाडथाड मारून घेतलं. आता नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुढची परीक्षा होती. ती दिली आणि पास झाली, तर ती अशा ठिकाणी जाणार होती जिथे तो ट्रेलर घेऊन येऊ शकत नव्हता. नाही तर जासई. यापेक्षा मोठा प्रश्न माझ्या वर्गात त्याआधी कधी आला नव्हता, आणि देव करो पुन्हा न येवो.

रुबीना म्हणाली, "परीक्षेला जाशील तर मारेल. नाही जाशील तरी मारेल. मग जाऊन मार खा ना, बेटा." इतका रोखठोक सल्ला मी कुठल्या समुपदेशकाकडून ऐकलेला नाही.

पुढचे दिवस आम्ही सगळ्याच पिसाळल्यासारख्या अभ्यास करत होतो. उकाड्याने पंखा गरम वारा फेकायचा. डास चावून चावून मुलींच्या पोटऱ्यांना गांध्या उठल्या होत्या. सायलीने चुकीच्या उत्तरावर पेन इतक्या जोरात आपटलं की शाई माझ्या साडीवर उडाली, ती साडी अजून तशीच कपाटात आहे. आणि सारखं ते रेकॉर्डिंग. दुखलं, तर बेल वाजवा. शांत राहिलात, तर तुम्हाला काही होणार नाही. मुलींच्या आवाजातला दम हळूहळू उतरत होता. हर्षदाची मान मात्र आत जायची थांबत नव्हती.

परीक्षेच्या आधीचा रविवार होता. सकाळचा वर्ग. स्पीकरवर जर्मन नर्स बोलत होती. जिन्यात लोखंडाचा आवाज आला. कठड्याच्या एकेका गजावर काहीतरी आपटत, ठण, ठण, ठण असं वर येत होतं. हर्षदा दाराजवळच बसलेली. ती पांढरीफटक पडली. आवाजावरून तिने माणूस ओळखला होता.

तो दारात उभा राहिला. हातात टॉमी, म्हणजे ट्रेलरची चाकं खोलायची लोखंडी पहार. सकाळी दारू प्यायलेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना दारूचं कारण फार आवडतं. अगदी स्वच्छ शुद्धीत तो म्हणाला, "हर्षदा, खाली चल. नाय आलीस तर एकेकीला फोडीन."

आणि उत्तराची वाट न बघता त्याने फोडायला सुरुवात केली. पहिला वार स्पीकरवर. जर्मन नर्स स्वल्पविरामाशी थांबली होती, ती तिथेच थांबली. मग फळा. मग खिडकीची काच, ती खाली टोपांवर पडली आणि रस्त्यात आरडाओरडा झाला. ट्यूबलाइट फुटून आमच्या केसांत पांढरा चुरा पडला. सायलीने हात मध्ये घातला, पहार तिच्या कोपरावर बसली, ती खाली बसून गुरासारखी हंबरली. त्याने हर्षदाचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा नाही. त्या लाकडाचा आवाज मी विसरलेले नाही. रक्त भुवईवरून डोळ्यांत आलं.

तेव्हा रुबीनाने हाक दिली. ओरडली नाही. वॉर्डात देतात तशी, पोटातून, मोठ्याने आणि थंडपणे. "ओढण्या काढा. हात-पाय वाटून घ्या. मी मानेमागे."

यापुढचं जे मी पाहिलं ते कुठल्याही मारामारीत पाहिलेलं नाही. पेशंट अंगावर आला तर काय करायचं हे या मुलींना शिकवलेलं असतं. पण मला ते माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. त्याच्या समोर घाबरलेल्या बायका होत्या आणि क्षणात तिथे वॉर्डातली एक अख्खी पाळीच कामाला लागली. एकीने बाक सरकवून त्याच्या गुडघ्यांत घातला. तो वाकला तसे दोघींनी टॉमीचा हात धरून पिळला आणि पहार जमिनीवर पडली. एकेका हातावर दोघी, एकेका पायावर एक. छातीवर कोणी बसायचं नाही, गळ्याला कोणी हात लावायचा नाही, असं रुबीना बजावत होती. तो चावला, थुंकला, आयाबहिणींचा उद्धार केला. त्याच्या मनगटांना ओढण्यांच्या गाठी पडल्या, मऊ आणि पक्क्या, रक्त अडणार नाही अशा. लाल, पोपटी, एक लग्नातली जरीची. सायली एका हाताने त्याचा घोटा दाबून बसली होती आणि रडत होती.

मी नर्स नाही. मला नियम लागू नव्हते. मी त्याच्या बरगडीत लाथ मारली. चांगली जोरात मारली, माझा अंगठा सुजला. याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तो अजून डोकं जमिनीवर आपटत होता. "डोकं कोणीतरी धरा," रुबीना म्हणाली. हात मोकळे असे कोणाचेच नव्हते. हर्षदा भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. तिच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. ती त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, आणि शिकवलेलं असतं तसे दोन्ही तळवे तिने त्याच्या कानांवर ठेवून डोकं धरलं. त्यात ती वाकडी बोटं होती. मग, बहुधा सवयीने, ती बोलली.

"वेन झी रूइग ब्लाइबन, पासीर्ट ईनन निश्ट्स."

तुम्ही शांत राहिलात, तर तुम्हाला काही होणार नाही. स्वल्पविरामाशी तिने छोटा श्वास घेतला. मी तिच्या मानेकडे बघत होते. मान सरळ होती. दम नव्हता, भीती नव्हती, प्रेमही नव्हतं, कोणी गैरसमज करून घेऊ नये. फोडलेल्या स्पीकरमधल्या त्या बाईचा आवाज जसा होता तसा, वॉर्डातला, पंचवीस नंबरच्या खाटेशी बोलावं तसा आवाज होता. त्याला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. तो गप्प झाला. तिच्याकडे उलट्या बाजूने बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती दिसली. आपली बायको आपल्याला मारणार नाही आणि आपल्या ताब्यातही राहणार नाही, एवढं त्याला बरोबर समजलं होतं.

पुढचं नेहमीचंच. पोलीस आले. एकजण म्हणाला, घरातला मामला आहे, मिटवून टाका. रुबीनाने त्याला हर्षदाचं कपाळ आणि सायलीचं कोपर दाखवलं आणि तक्रार लिहून घेईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. नवऱ्याला नेलं, आणि थोड्याच दिवसांत तो सुटूनही आला. हर्षदा तोवर रुबीनाच्या घरी होती. रुबीनाच्या सासूबाई परीक्षा होईपर्यंत रोज बाहेरच्या ओट्यावर विळी घेऊन भाजी चिरत बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आत उकडतं."

कपाळावर टाके घेऊन हर्षदाने परीक्षा दिली. पास झाली. कागदपत्रं, व्हिसा, आणखी एक पावसाळा गेला. तो मधल्या काळात दोनदा करंजाला गेला, एकदा धाकट्या भावाचं नाक फोडलं. होडी जाळली नाही. हर्षदा म्हणायची, "अजून नाय जाळली." विमानतळावर जाताना ती आधी माझ्या खोलीवर आली, नव्या फळ्याला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "बाई, तिकडचे लोक मारत नसतील ना?" मी तिकडे कधी गेलेले नाही. मी म्हटलं, "पुस्तकांत तरी मारत नाहीत."

काल वर्ग संपला आणि तिचा फोन आला. अधूनमधून येतो. तिकडे पानगळ चालू आहे, थंडीने तिचे ओठ फुटलेत, बोंबील भाजले तर शेजारी खिडक्या लावून घेतात. मग म्हणाली, "बाई, एक गंमत सांगू? माज्या वॉर्डात एक म्हातारा हाय. लय खडूस. त्याचा चहा थंड गेला. तर मना बोलला, परत असा झाला, तर मी मोठ्या सिस्टरला सांगेन."

"मग?"

"मग काय, त्यो 'वेन' बोलला तवाच माजी मान गेली आत. अजून जाते. डोले मिटून उबी. काय नाय झाला. डोले उगडले तर म्हातारा पेपर वाचत बसलेला."

मी हसले. ती नाही हसली.

"दुसऱ्या दिवशी परत चहा थंड गेला, बाई. माजीच चूक. दिवसभर त्याच्या खोलीत जाया पाय उचलत नवता. मोठ्या सिस्टरने बोलावला, बोलली, आजोबांनी तक्रार केली हाय, लक्ष दे. मी वाट बगत उबीच. ती बोलली, जा आता. मी परत म्हाताऱ्याच्या खोलीत गेले, वाटला आता कायतरी फेकून मारल. त्याने मना चष्मा पुसाया दिला."

खाली कोणीतरी टोपांची चळत लावत होतं.

"जेवडा बोलला, तेवडाच केलान, बाई," ती म्हणाली. "तेवडाच." आणि मग माझ्या कानाशी, इतक्या लांबून, ती मोठमोठ्याने रडायला लागली.